सुगीत मोजलेल्या रिकाम्या जागा

माझ्या थोरल्या भावाला एका सरकारी साहेबानं फसवलं. लाच घेऊन नाही की खोटी सही करून नाही. शाळेच्या भिंतीवर रंगीत तक्ता लावून, हातात छडी घेऊन, सगळ्या गावासमोर फसवलं. आणि वर आमच्याच घरचं ताक पिऊन गेला.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं दादाविषयी लिहायला लागलो की माझा आवाज मऊ पडतो आणि वाचणाऱ्याला वाटतं प्रकरण मिटलं. मिटलेलं नाही.

आम्ही मूळचे सांगोल्याकडचे, मेंढरं राखणारे. वडील लवकर गेले. काठी दादाच्या हातात आली तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं, शेतकऱ्यांच्या रानात ती बसवायची, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि पाऊस तोंडावर आला की घरी परतायचं, असं आमचं वर्ष. मेंढरांमागं मी अगदीच कुचकामी होतो. माझं लक्ष जनावरांवर नसायचं, शेतकरी धान्य मोजताना पायली नीट भरतो की नाही ह्यावर असायचं. मी भांडायचो. दादानं दोन हंगाम हे पाहिलं आणि एक दिवस आईला म्हणाला की ह्या पोराला बाजारात सोडू या. हितं हा रोज माणसं दुखावतो, तिथं त्याच गुणाचे पैसे मिळतील. लोक म्हणतात मी स्वतःच्या बळावर वर आलो. आलोच. पण कुठल्या वाटेनं जायचं ते दादानं ओळखलं होतं.

तर मी सोलापुरात जनावरांच्या बाजारात दलाली करू लागलो. आमच्या धंद्यात भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा, त्याखाली समोरच्याची बोटं धरायची. किती बोटं धरली, कशी दाबली, त्यावर भाव. शेजारी उभ्या माणसाला काही कळत नाही. ज्याला जनावर खरंच हवं असतं त्याचा तळहात ओला असतो, हे मी फार लवकर शिकलो. रागीट तर होतोच. एका व्यापाऱ्यानं ठरलेला सौदा मोडला म्हणून मी त्याचा रुमालच ठेवून घेतला आणि पुढं कित्येक महिने तो खांद्यावर टाकून त्याच्या डोळ्यांसमोर फिरलो. त्यानं मागितला नाही. मीही दिला नाही.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. दुष्काळात निम्म्याहून जास्त मेंढरं गेली होती, उरलेल्यांतून दादानं पुन्हा कळप उभा केला होता. ह्या कामात त्याच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. पाठमोरा बसलेला असताना मागून एखादी मेंढी ओरडली की कोणती ओरडली आणि का, हे तो सांगायचा. तहानलीय, कोकरू चुकलंय की नुसतीच कटकट करतीय. वहिनी म्हणायची, "माझी हाक त्यास्नी ऐकू येत न्हाय, मेंढराची मातुर येती."

चैत्रात गावच्या जत्रेला मी घरी गेलो होतो, तेव्हा तो साहेब जीपनं आला. तरुण होता, बोलायला गोड. येत्या काळात जिल्ह्यात कोणत्या कामाला किती माणसं लागतील, ह्याची पाहणी सरकारनं केली होती आणि ती गावोगाव समजावून सांगायचं काम त्याच्याकडं होतं. त्यानं शाळेच्या भिंतीवर तक्ता टांगला. एकेका कामाची एकेक उभी रेघ. गवंडी, सुतार, वायरमन, टर्नर. सगळ्यांत उंच रेघ होती गिरणीत माग चालवणाऱ्यांची, हिरव्या रंगाची. आधीच्या पाहणीत किती, आत्ताच्या पाहणीत किती, हे शेजारी शेजारी दाखवलं होतं आणि पुढच्या पाच वर्षांत काय होईल ते तुटक रेघेनं. ती तुटक रेघ चढत चढत तक्त्याच्या चौकटीबाहेर गेली होती. साहेबानं छडी तिच्यावरून फिरवली आणि कागद संपल्यावरही भिंतीवर थोडी पुढं नेली. पोरं हसली, साहेबही हसला.

सरकार सोलापुरात मागाचा वर्ग काढणार होतं, सहा महिन्यांचा, फुकट. वर्ग झाला की गिरणीच्या दारात तुम्हाला आधी घेतील, असं त्यानं सांगितलं.

दादाही मेंढरं घेऊन जत्रेपुरता गावी आला होता. तो दाराशी बसला होता, घोंगड्याच्या घोळात एक अशक्त कोकरू घेऊन. माणसांत बोलणं हा त्याचा स्वभाव नव्हता. पण त्या दिवशी तो उठून उभा राहिला.

"सायब, मान्सं लागत्याल म्हंता, ती सुगीपुरती का बारमाही?"

"बारमाही," साहेब म्हणाला. "ही वाढ आहे. आज लागतात त्याहून उद्या जास्त लागतील, परवा त्याहून जास्त. कमी होण्याचा प्रश्नच नाही."

मीही तिथंच होतो. मी विचारलं, हे तुम्हाला कसं कळलं? तो म्हणाला, आम्ही गिरण्यांच्या दारात स्वतः उभं राहून मोजलंय, एकदा नाही, दोनदा. मला ते पटलं. कचेरीत बसून लिहिणारे मी पुष्कळ पाहिले होते, दारात उभा राहून मोजणारा पहिल्यांदाच भेटत होता. सभा संपल्यावर दादा त्याला घरी घेऊन आला, वहिनीनं ताक दिलं, आणि साहेबानं ते दुसऱ्यांदा मागून घेतलं.

दादाच्या मनात काय होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्याची मुलगी तेव्हा सहा-सात वर्षांची. दोनदा तिला पहिलीत घातलं होतं आणि दोन्ही वेळा दिवाळीनंतर ती मेंढरांमागं गेली होती. नाव पटावर आणि पोरगी रानात. तिसऱ्यांदा मास्तर घेतील की नाही, शंका होती. मेंढरं असेपर्यंत घर एका जागी राहणार नाही आणि घर एका जागी राहिलं नाही तर पोरगी शिकणार नाही, एवढा साधा हिशेब दादानं मांडला होता.

"मेंढरं वीक," तो मला म्हणाला.

मी म्हणालो, पावसापर्यंत थांब, लोकर उतरव, मग बघू.

"थांबलो तर मी परत त्येंच्या मागं जाईन," तो म्हणाला. "माझं मला म्हाईत हाय की."

त्यानं एकच अट घातली, खाटकाला द्यायची नाहीत. ही अट ऐकून माझं डोकं फिरलं. आखाड जेमतेम तीन महिन्यांवर होता. श्रावण लागायच्या आधी गावोगाव मटणाच्या पंगती उठतात, खाटीक मागेल तो भाव देतो. वर्षातला सगळ्यांत चांगला बाजार, आणि माझ्या भावाला राखणाऱ्यालाच विकायचं होतं. मी दिवसभर त्याच्याशी भांडलो. तो ऐकून घेत राहिला आणि संध्याकाळी म्हणाला, "खाटकाला न्हाय." जणू मी काही बोललोच नव्हतो.

गिऱ्हाईक मी शोधलं. अक्कलकोटकडचा, कन्नड बोलणारा एक वयस्क मेंढपाळ. त्याला मराठी जेमतेम यायचं, मला कन्नड त्याहून कमी. आमच्यात मोठा सौदा घोंगड्यावर बसून करतात, आणि घोंगड्यावर बसून खोटं बोलत नाहीत. त्यांच्यातही तीच रीत निघाली. दादानं आपलं काळं घोंगडं बाजाराच्या कडेला अंथरलं, आम्ही दोघं बसलो, रुमाल टाकला. म्हाताऱ्याचा तळहात चिंब होता. मेंढरांवर त्याचा जीव जडला होता. त्या दिवशी मी जसा भांडलो तसा जन्मात भांडलो नाही. दोनदा रुमाल झटकून उठलो, दोनदा त्यानं धोतराला धरून बसवलं. शेवटी माझी बोटं दाबून तो म्हणाला, "आयतु." म्हणजे झालं. खाटकाच्या भावाच्या अगदी जवळ मी त्याला आणलं होतं. बाजारातल्या जुन्या दलालांनी माझी पाठ थोपटली.

मग मेंढरं हलेनात. म्हाताऱ्यानं हाकललं, त्याच्या पोरानं हाकललं, कळप गोल फिरून दादाभोवती येऊन उभा. शेवटी दादाच पुढं चालू लागला आणि सगळी मुकाट मागं निघाली. मला राग आला. विकलेला माल गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचा हा कुठला धंदा? मी म्हाताऱ्याला गाठून सांगितलं की भाव मेंढरांचा ठरलाय, माझ्या भावाच्या पायांचा नाही. चालायचे वेगळे द्या. म्हातारा हसायला लागला. दादाही हसला, मला म्हणाला, "आरं, त्यास्नी वाटंला तर लावू दे." अक्कलकोटच्या वाटेवरच्या वळसंगपर्यंत तो चालत गेला. तिथं मुक्कामाच्या जागी मेंढरांभोवती जाळं लावलं, ती बसली, रवंथ करायला लागली, तेव्हा हा मागच्या बाजूनं सटकला आणि एसटी धरून परत आला. आल्यावर जेवला नाही. हातात काठी नव्हती, तर हात कुठं ठेवावा हे त्याला समजत नव्हतं. वहिनीनं त्याच्या हातात पोरीचं दप्तर दिलं आणि म्हणाली, "हे धरा."

माझी खोली गिरणीमागच्या चाळीत होती. दादा, वहिनी आणि पोरगी तिथंच राहायला आली. मी बिऱ्हाडात एकटा राहून माजलो होतो. वहिनीनं पहिल्याच आठवड्यात माझा आवाज खाली आणला. शेजारी सगळी तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबं. वहिनीला त्यांची भाषा येईना, त्यांना वहिनीची मेंढपाळी मराठी कळेना, तरी महिनाभरात ह्यांच्या चटण्या त्यांच्याकडं आणि त्यांच्या आमच्याकडं असं सुरू झालं. पोरगी नगरपालिकेच्या शाळेत जाऊ लागली. सकाळी दादा तिला खांद्यावर बसवून पोचवायचा. ती वरून विचारायची, "आप्पा, आज ती बांडी मेंढी कुटं आसंल?" दादा सांगायचा, "आता वळसंगच्या पुढं गेली. पानी पीत आसंल." रोज नव्या मेंढीचं नाव, रोज नवं गाव. ती मेंढरं दादानं मनातल्या मनात पार गुलबर्ग्यापर्यंत चारून आणली.

वर्गात तो चांगला शिकला. घोंगड्याचा खड्डामाग त्याला येत होताच, सुताची भाषा नवी नव्हती. नवा होता तो आवाज. गिरणीतले शेकडो माग एकदम चालतात तेव्हा माणूस बोललेलं ऐकू येत नाही, ओठ बघून ओळखावं लागतं. घरी आल्यावर त्याच्या केसांत, भुवयांत कापसाची पिंज अडकलेली असायची. पोरगी मांडीवर चढून एकेक पिंज वेचायची.

"आप्पा, तुमी मेंढरू झालाव," ती म्हणायची.

"मग आता तू राख मला," तो म्हणायचा.

पौषात तो गिरणीच्या दारात उभा राहिला. पहिल्यांदा बदली म्हणून घेतात, हे सगळ्यांना माहीत होतं. कायमचा कामगार आला नाही की त्याच्या मागावर बदलीवाला चढतो. अशी काही वर्षं गेली आणि जागा मोकळी झाली की मग कायम. सकाळी भोंगा व्हायच्या आधी बदलीवाले दाराशी गोळा व्हायचे, जॉबर, म्हणजे माणसं लावणारा मुकादम, बाहेर येऊन बोट दाखवेल तो आत. पौषाच्या शेवटी दादाला अधूनमधून बोट दाखवलं गेलं. माघ लागल्यावर रोज. फाल्गुनात तर जॉबर दाराबाहेर येऊन हाका मारायचा, आणखी कोण आहे का म्हणून. दादा दोन दोन पाळ्या करू लागला. पोरीला नवी पाटी आली, वहिनीला सोलापुरीच साडी आली, तीही त्याच्याच गिरणीतल्या सुताची आहे असं तो सगळ्यांना सांगत सुटला.

आणि त्यानं काय केलं? साहेबाला घोंगडं नेऊन दिलं. तेच काळं घोंगडं, ज्यावर मेंढरं विकली. आपल्या मेंढरांच्या लोकरीचं आपल्या हातानं विणलेलं तेवढं एकच उरलं होतं. मी म्हणालो, वेडा झालास का, त्याला पगार मिळतो. दादा म्हणाला, "बारमाही म्हनला हुता. बारमाही झालं की न्हाय?"

चैत्र लागला आणि जॉबरचं बोट फिरलं.

पहिल्या दिवशी वाटलं, चुकून राहिला असेल. मग आठवडा गेला. दाराशी गर्दी तेवढीच, आत घेतलेली माणसं हाताच्या बोटांवर. दादासोबत वर्गात शिकलेली खेड्यापाड्यांतली तरणी पोरं सगळी तिथंच उभी. शेवटी मी जॉबरला चहाच्या गाडीवर गाठला. मी रागातच होतो, पण तो शांतपणे म्हणाला, "गावाकडची माणसं परत आली की. ज्वारी निघाली, मळणी झाली. सुगीत निम्मा कारखाना रानात असतो. तेव्हा तुम्ही लागता. दर वर्षीचंच आहे हे."

मी तिथंच उभा राहिलो. चहा निवला. मला ती हिरवी रेघ दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मी दादाला घेऊन साहेबाच्या कचेरीत गेलो. त्यानं दादाला ओळखलं, हसून बसायला सांगितलं. त्याच्या खुर्चीवर दादाचं घोंगडं घडी करून घातलेलं होतं आणि तो त्याच्यावर बसला होता. भिंतीवर तोच तक्ता.

मी विचारलं, "पहिल्यांदा कधी मोजलंत?"

त्यानं आठवून सांगितलं, "ऑगस्टमध्ये. मी नुकताच बदलून आलो होतो."

"आणि दुसऱ्यांदा?"

"पुढच्या मार्चमध्ये."

त्याचे इंग्रजी महिने मी मनात आपल्या महिन्यांना लावले. श्रावण आणि फाल्गुन. श्रावणात पेरण्या उरकून माणसं गिरणीत परतलेली असतात, बदलीवाल्याला कोणी विचारत नाही. फाल्गुनात त्याच माणसांच्या हातात विळा असतो. ह्या साहेबानं दारात उभं राहून आयत्या वेळी आत घेतलेली माणसं मोजली, हे खरं होतं. एकदा श्रावणात मोजली, एकदा फाल्गुनात, आणि मधल्या फरकाला वाढ म्हणाला. ज्या जागा त्याला रिकाम्या दिसल्या त्या जागांची माणसं जिवंत होती, ठणठणीत होती आणि आपल्या रानात ज्वारी काढत होती.

मी बाजारातला माणूस. आखाडातला भाव श्रावणातल्या भावाशेजारी मांडून बाजार पडला असं कोणी म्हणालं तर आमच्यातलं शेंबडं पोरगंही हसेल. आखाड आखाडाशीच लावायचा, श्रावण श्रावणाशी. हे मी त्याला सांगितलं. मऊ आवाजात सांगितलं नाही. टेबलावर हात आपटला तेव्हा दौत उडून खाली पडली, शिपाई धावत आला. मी विचारलं, दारात उभं राहून मोजत होतास, तेव्हा त्या दारातल्या एकाला तरी विचारलंस का की आज एवढी गर्दी का आहे?

साहेबाचा चेहरा उतरला होता. तो तक्त्याकडं बघत होता. तिकडंच बघत म्हणाला, "तो अंदाज होता. अंदाज चुकू शकतो."

"भिंतीवर छडी फिरवताना अंदाज म्हणाला नव्हतास."

"मी प्रामाणिकपणे केलं होतं."

तो खरं बोलत होता, आणि त्यामुळं माझा राग आणखी भडकला. लबाड माणसाशी भांडायची मला सवय आहे. ह्याचं काय करायचं ते कळेना.

मग दादा बोलला. माझा दंड धरून त्यानं मला खाली बसवलं आणि साहेबाला विचारलं, अगदी साधेपणानं, वाट विचारावी तसं: "सायब, मेंढरं तर गेली. आता म्या काय करू?"

साहेब खिडकीकडं बघत राहिला. शिपायानं चहा आणून ठेवला. दादानं बशीत ओतून प्यायला, मी शिवलो नाही. घोंगड्यावर बसून साहेब खोटं बोलला नाही, एवढं मी मान्य करतो. पण तो काहीच बोलला नाही. आम्ही उठलो तेव्हाही तो खिडकीकडंच बघत होता.

बाहेर आल्यावर मी शिव्या देत होतो. दादा म्हणाला, "जाऊ दे. घोंगडं मागू नगंस."

पुढं काय करायचं ते दादानं स्वतःच ठरवलं. मी म्हणालो, माझ्याकडं गाठीला आहे, पुन्हा मेंढरं घेऊन देतो, बाजारातली उत्तम निवडून देतो. त्याचे डोळे चमकले. मी पाहिलं. मग त्यानं कोपऱ्यात पाटीवर वाकून बसलेल्या पोरीकडं बघितलं आणि मान हलवली. "ती दुसरीत गेलीया," म्हणाला.

पुढं वर्षानुवर्षं तो बदलीवालाच राहिला. भोंगा व्हायच्या आधी रोज दारात जायचा. सुगीत काम, एरवी जॉबरच्या मर्जीवर. काम नसलं की माझ्याबरोबर बाजारात यायचा. लोक त्याला मेंढीचे दात बघायला बोलवायचे, तो बघायचा, पाठीवरून हात फिरवायचा आणि खरं काय ते गिऱ्हाइकाला सांगून माझा सौदा मोडायचा. मी चिडायचो. वहिनी म्हणायची, भावजी, तुमी दोघं मिळून एक दुकान काढा, एकानं विकायचं नि दुसऱ्यानं परत घ्यायचं. कायम होण्याची पाळी जवळ आली असं वाटू लागलं तोवर गिरणीच आजारी पडली.

पोरगी शिकली. मॅट्रिक झाली, पुढंही शिकली, आज ती शाळेत शिकवते. म्हणजे दादाला जे हवं होतं ते मिळालं, असं कोणी म्हणेल. मिळालं. पण ते त्या तक्त्यामुळं नाही मिळालं, तक्त्याला न जुमानता दादा दारात उभा राहिला म्हणून मिळालं. आणि त्याची किंमत म्हणून गिरणीनं त्याचे कान घेतले. पाठमोरा बसून मेंढी ओळखणारा माणूस आता समोरून हाक मारली तरी ओठांकडं बघतो. नातवंडं त्याच्याशी ओरडून बोलतात. एखादा कळप रस्त्यानं चालला की तो दाराशी येऊन उभा राहतो. मेंढरं ओरडत जातात, आणि तो त्यांच्या तोंडांकडं बघत राहतो.

तो साहेब बदल्या होत होत शेवटी सोलापुरातच घर बांधून राहिला. गेल्या वर्षी तळ्याकाठी फिरायला गेलो होतो, दादा माझा हात धरून चालत होता, तर समोरून तोच, हातात काठी, डोक्यावर कानटोपी. दादानं त्याला रामराम केला. त्यानंही केला, न ओळखता, म्हाताऱ्यानं म्हाताऱ्याला करावा तसा. मी पुढं सरसावलो. शालीखाली दादानं माझी बोटं धरली आणि दाबली, बाजारात दाबतात तशी, सौदा झाला ह्या अर्थानं. मी थांबलो.

तुझा झाला असेल दादा. माझा झालेला नाही.

साहेब, तुम्ही आता पुष्कळ मोकळे असाल. आमचं घर चाळीच्या मागच्याच गल्लीत आहे, दारात लिंब आहे, त्याखाली खाट असते, खाटेवर दादा असतो. घोंगडं अजून असेल तर घेऊन या. अंथरा, त्यावर बसा, आणि माझ्या भावानं त्या दिवशी तुम्हाला जे विचारलं होतं त्याचं उत्तर द्या. खिडकीकडं बघून नको, त्याच्याकडं तोंड करून. आणि मोठ्यानं द्या. त्याला कमी ऐकू येतं.